दूषित नोंद

पेठच्या पुढे रस्ता डांबर सोडतो
तिथून काटा माझ्या खांद्याला,
पिशवीत कापडी झोळी, थर्मामीटर
आणि एकशे बेचाळीस प्रश्नांचा फॉर्म.
पोरं ओरडत पुढे पळतात : वजनबाई आली!

ओहोळाच्या अलीकडे खिरपाडा.
तिथे आम्ही शिकवतो :
जन्मल्या जन्मल्या न्हाऊ घालू नका,
पहिला चीक पिळून टाकू नका,
बारकं असलं तर आईच्या उघड्या छातीशी बांधा,
वरून लुगडं, डोक्याला टोपडं, रात्रंदिवस.

पलीकडे उंबरदहाड.
तिथे फक्त मोजायचं.
दोन वर्षं.
नाशकातल्या ऑफिसात चिठ्ठ्या टाकून ठरलं
कुणाच्या वाट्याला कोणता काठ.

"तुलना लागते," प्रशिक्षणात सर म्हणाले,
"नाहीतर कळायचं कसं, कशानं जगलं ते?"
खरंच आहे. मी मान डोलावली.
सातपूरच्या त्या हॉलमध्ये पंखा होता, चहा होता,
ओहोळ नव्हता.

मार्गशीर्षात अर्धं उंबरदहाड द्राक्षांवर जातं,
दिंडोरीला, पिंपळगावला, मण्यांच्या विरळणीला.
जनी कुवर सातव्या महिन्यात गेली.
मी रकान्यात लिहिलं : स्थलांतर.
पौषात परतली ती पिकअपच्या हौद्यात,
कळा घेऊनच.

पोरगी सोळाशे ऐंशी ग्रॅम.
झोळीत ठेवली तेव्हा वाटलं काटा हललाच नाही,
मग हलला, उपकार केल्यासारखा.
तळपाय ओहोळातल्या गोट्यांइतके गार.
चौतीस पूर्णांक आठ.
लिहिलं.

नियमात होतं : धोका दिसल्यास दवाखान्यात पाठवा.
मोहाच्या बुंध्याशी एक दांडी सिग्नल येतो,
तिथे जाऊन गाडीला फोन केला.
गाडी म्हणाली, चार तास.
चार तास काय करायचं
ते नियमात नव्हतं.
माझ्या तोंडात होतं.
मी तोंड मिटून पेनाचं टोपण
लावत, काढत, लावत बसले.
(एकतिसावी नोंदही याच काठावरची.
तेव्हाही मी टोपण लावून बसले होते.
त्या बाळाला नाव ठेवायचं राहिलं,
नंबर तेवढा आहे.)

मग झिपरीबाई आली, खिरपाड्याची, जनीची मावशी.
कुठला गट कुणाचा हे तिला ठाऊक नव्हतं,
भाचीचं घर ठाऊक होतं.
ओलं फडकं तिनं भिरकावलं,
पोर जनीच्या पोलक्यात सरकवली, कातडीला कातडी,
आपलंच लुगडं फाडून दोघींना आवळलं.
"हिनंच दावलं आमाला," म्हणाली, माझ्याकडे हनुवटी करून.
आणि मग, हात थांबवून :
"तू का नाय सांगितलंस हिला?"

एकशे त्रेचाळिसावा प्रश्न.
उत्तराला कोड नाही.

गाडी पहाटे आली. तोवर तळपाय
छत्तीसला टेकले होते.

फाल्गुनापर्यंत उंबरदहाडात
चार जणी तशाच बांधलेल्या दिसल्या.
एक तर आजाच होता,
नात छातीवर घेऊन बिडी न ओढता बसलेला,
हा त्याच्यापुरता मोठाच त्याग.

सरांचा फोन आला.
आलेखातल्या दोन रेषा जवळ यायला लागल्यात,
गट दूषित झालाय. तू काही बोललीस का?
मी नाही म्हणाले.
हेही खरंच आहे,
आणि याची लाज वाटते ती सरांना कशी सांगू.

फॉर्मच्या तळाशी दोन ओळी रिकाम्या असतात :
इतर निरीक्षणे.
दीड वर्षात मी तिथे कधी काही लिहिलं नव्हतं.
परवा लिहिलं :
उन्हाळ्यात ओहोळाला पाणी नसतं.
बायका चालत येतात.